मळमळ प्रवेशिका

सर्वप्रथम अभिनंदन. हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या, म्हणजे आपल्याला हृदय आहे हे कागदोपत्री सिद्ध झालं. आता तुमच्याकडे एक पिशवी असेल. तीत डिस्चार्ज कार्ड, इकोचा रिपोर्ट, ईसीजीचा तो गुलाबी चौकटींचा कागद आणि महिनाभराच्या गोळ्या. अँजिओप्लास्टी झाली असेल तर पाच-सहा जातींच्या, हृदयाचं पंपिंग कमी असेल तर आणखी दोन-तीन. मग एखाद्या सकाळी चहाचा कप ओठांशी नेताना पोटातून काहीतरी वर सरकतं, तोंडाला पाणी सुटतं आणि चहा नको वाटतो. तुमचा प्रवेश निश्चित झाला.

या अभ्यासक्रमाला वयाची किंवा शिक्षणाची अट नाही. हृदयाची एक गोळी आणि घरात सल्ला देणारं एक माणूस, एवढं पुरे. दुसरी अट आपल्याकडे न सांगता पूर्ण होते.

पाठ पहिला : निदान

निदान तुम्ही करायचं नाही, ते घरचे करतात. डॉक्टर तर मुळीच करत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. निदान एकच असतं : पित्त. रात्री उशिरा जेवलात, पित्त. दुपारी उपाशी राहिलात, पित्त. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्लेत, मग तर बोलायलाच नको. "गोळ्या गरम पडल्या" हे जरा आधुनिक निदान आहे, पण फिरून तेही पित्ताशीच येतं. या निदानाचा मोठा फायदा म्हणजे त्यावरचा उपाय घरातच असतो, आणि नसला तर शेजारी असतो.

नवोदिताने इथे एक गोष्ट गुपचूप लक्षात ठेवावी. मळमळ पोटात जाणवते, पण ती दरवेळी पोटात तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी एक चिमुकला भाग आहे. रक्तातल्या ऐऱ्यागैऱ्या पदार्थांना मेंदूत शिरू न देणारा जो पडदा असतो, तो या भागापुरता विरळ आहे, आणि ते सोयीचंच आहे. रक्तात काही विषारी आलं तर ते इथे लगेच कळतं आणि पोट रिकामं करण्याचा हुकूम सुटतो. डिगॉक्सिन नावाची हृदयाची जुनी गोळी अंगात प्रमाणाबाहेर साठली की मळमळीची सुरुवात प्रामुख्याने इथून होते. मग ती जेवणाआधी घ्या, जेवणानंतर घ्या, केळ्यात घालून घ्या, काडीचा फरक पडत नाही.

ॲस्पिरिनची गोष्ट निराळी. ती पोटाच्या अस्तरालाच डिवचते. म्हणून हृदयासाठी रोज घ्यायच्या बारीक गोळीवर बहुधा एक आवरण चढवलेलं असतं, म्हणजे ती पोट ओलांडून पुढे आतड्यात विरघळते. "गिळायला त्रास होतो" म्हणून खलबत्त्यात कुटून देणाऱ्या प्रेमळ सुनांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आवरण असूनही काहींना त्रास होतोच, कारण रक्तात गेल्यावरही ॲस्पिरिन पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करते. मळमळीबरोबर शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं तर ते पित्त नव्हे, आतून रक्त जात असण्याची शक्यता असते. त्या दिवशी आवळा सुपारीचा डबा उघडायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

पाठ दुसरा : गुन्हेगार ओळखणे

होतकरू विद्यार्थी सगळ्या गोळ्यांवर एकदम आळ घेतो. ते सोपं असतं, पण उपयोगाचं नाही. अमिओडॅरोन ही ठोके बिघडले की देतात ती गोळी. सुरुवातीचे काही आठवडे तिचा डोस मोठा असतो आणि मळमळही त्याच काळात जास्त. ती जेवणाबरोबर घेतली की बऱ्याच जणांना बरं पडतं. तिचं वैशिष्ट्य असं की ती अंगातून निघायला महिने घेते. रागाने आज बंद केली म्हणून उद्या चहा गोड लागेल, असं होत नाही. पोटॅशियमचं औषध पातळ असतं, चव भयंकर, आणि ते नुसतं चमच्याने प्यायलं तर मळमळ हमखास. पाण्यात कालवून, जेवणानंतर घोट घोट घ्यायचं असतं. बाटलीवर ते लिहिलेलं असतं, पण बाटलीवरचं वाचायचं म्हणजे चष्मा शोधणं आलं.

कित्येकदा असंही निघतं की दोषी हृदयाची गोळी नव्हतीच. मधुमेहाची मेटफॉर्मिन त्याच डबीत, त्याच कप्प्यात बसलेली असते. तिचा डोस नुकताच वाढवलेला असतो आणि घरात शिव्या खात असते ती बिचारी कोलेस्टेरॉलची गोळी.

डिगॉक्सिनवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण मळमळीच्या शास्त्रातली ही सगळ्यात जुनी जाणकार. डिजिटॅलिस नावाच्या घंटेसारख्या फुलांच्या झाडापासून ती येते. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ साली या झाडावर पुस्तक लिहिलं. अंगावरची सूज उतरवणारा एक घरगुती काढा त्याला तपासायला मिळाला होता. श्रॉपशर परगण्यातल्या एका म्हातारीचं ते गुपित होतं, आणि त्यातल्या पुष्कळशा वनस्पतींमधली कामाची ही एकच, हे त्याने ओळखलं. त्याच्याकडे रक्ताची तपासणी नव्हती, ईसीजी नव्हता. मग डोस पुरेसा झाला हे कळायचं कसं? त्याने नियम घालून दिला : लघवी, पोट, नाडी किंवा शौच यांपैकी एकावर जरी परिणाम दिसला तरी औषध थांबवा. म्हणजे मळमळ हीच त्याची लॅबोरेटरी. आज रक्तातलं डिगॉक्सिन मोजता येतं, तरी मोजायला लावते ती मळमळच. पेशंटने सांगितलंच नाही तर डॉक्टर तपासणी लिहून देणार कशावरून?

आपल्याकडे बरेच डॉक्टर ही गोळी आठवड्यातून पाचच दिवस देतात, शनिवार-रविवार सुट्टी. राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून मिळाला, डिगॉक्सिनने तो त्याच्या कितीतरी आधी मिळवला होता. पण सुट्टीचा हिशोब ठेवायचा कुणी? गुरुवारी उपास, शुक्रवारी लग्न, मग "राहिलेली गोळी शनिवारी घेते" म्हणून आजी ती शनिवारी घेतात, आणि सोमवारी आठवणीने पुन्हा. मुळात या गोळीत पुरेसं आणि जास्त यांच्यामध्ये फट फार अरुंद. मूत्रपिंड वयाने मंदावलेलं असलं की ती साचते. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलं की तेवढ्याच डोसात तिचा जोर वाढतो. मे महिन्यात उलटी-जुलाब झाले की या दोन्ही गोष्टी एकदम होतात. अन्नावरची वासना उडणं, मळमळ, दिव्याभोवती पिवळसर-हिरवट कडं दिसणं, नाडी फार मंद पडणं किंवा वेडीवाकडी चालणं, यातलं काही दिसलं तर ती गोळी पुढे घ्यायची की नाही हे त्याच दिवशी फोन करून विचारायचं. पुढच्या महिन्याच्या तपासणीला नाही.

पाठ तिसरा : स्वयंपाकघर

मळमळणाऱ्या मराठी माणसाला काय द्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. मऊ भात, त्यावर मेतकूट, साजूक तूप आणि लिंबाच्या लोणच्याचा खार. ताटाकडे पाहूनच अर्धं बरं वाटतं. यात भात बिनतक्रार, मेतकूट चालेल, तुपावरून डॉक्टरांशी भांडता येईल. खार मात्र नाही. पंपिंग कमी असलेल्या माणसाला मीठ तोलून दिलेलं असतं. तो खार, वर भाजलेला पापड आणि मग मिठाची आवळा सुपारी, एवढ्यात दिवसाचं मीठ संपतं, पायाला सूज येते आणि सूज पोटाच्या अवयवांपर्यंत पोचली की पुन्हा मळमळ. आता ती रोगाची असते, पण दोष गोळीला लागतो. याची परीक्षा घरच्या वजनकाट्यावर होते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं असेल तर ते मेतकुटाने वाढलेलं नाही.

"सारखं पाणी पी" हा सल्ला देणाऱ्याला काही लागत नाही, म्हणून तो सगळेच देतात. ज्याला दिवसाचं पाणी ठरवून दिलंय त्याने सकाळी तेवढंच एका बाटलीत भरून ठेवावं आणि चहा, ताक, सार सगळं त्याच हिशोबात धरावं. जळजळ थांबवायला फसफसणारी पावडर पाण्यात टाकून पिणं हे आपलं राष्ट्रीय कर्तव्य आहे, पण ती पावडर म्हणजे मुख्यतः सोडा, आणि सोड्यात सोडियम. मिठाची खारी चव नसते म्हणून ते मोजलं जात नाही. "मग कमी सोडियमचं मीठ आणू" हा पुढचा शहाणपणा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या काही गोळ्या आधीच पोटॅशियम अंगात राखून ठेवतात. विचारल्याशिवाय आणू नका.

आता आजीच्या बटव्यातली ज्येष्ठमधाची कांडी. घशाला, पित्ताला चांगली म्हणून दिवसभर चघळायला देतात. ज्येष्ठमध सतत पोटात गेलं तर अंगात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं. डिगॉक्सिन घेणाऱ्याला पोटॅशियम गेलेलं परवडत नाही हे मागच्या पाठात झालं आहे. तेव्हा मळमळीवर दिलेली कांडी मळमळ वाढवणारी ठरू शकते. एवढं खरं वैद्यक बटव्यात असेल असं कुणाला वाटत नाही. "आयुर्वेदिक आहे, त्याचं काही होत नाही" या वाक्याइतकं नुकसान कुठल्याच कांडीने केलं नसेल.

फळांपैकी गणपतीच्या आरासीत, विशेषतः कोकणात, दिसणारं पपनस जरा लक्षात ठेवावं. परदेशी औषधांच्या चिठ्ठ्यांवर ज्या ग्रेपफ्रूटबद्दल इशारा छापतात, ते पपनसाच्याच घराण्यातलं, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं. अमिओडॅरोन आणि कोलेस्टेरॉलच्या काही स्टॅटिन गोळ्या अंगात जास्त वेळ रेंगाळायला लावणारे पदार्थ ग्रेपफ्रूटमध्ये असतात, पपनसातही त्याच जातीचे सापडतात. प्रसादाची एखादी फोड सोडा, पण रोज वाटीभर नको.

मग खायचं काय? थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. सकाळी उठल्या उठल्या काहीतरी कोरडं : साळीच्या लाह्या, कुरमुरे, भाकरीचा पापुद्रा. चहा त्यानंतर. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराबाहेर बसायचं. सुकट भाजत असतील तर घराबाहेर. गार किंवा कोमट जेवणाला वास कमी येतो, तेही मदतीचं. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. आल्याचा तुकडा, कमी मिठाचं कोकम सार, बडीशेप, वेलची यांना सहसा कुणाची हरकत नसते. आल्याचा अर्क किंवा गोळ्या मात्र रक्त पातळ करण्याची औषधं घेणाऱ्यांनी विचारून. एसटीत घाट लागल्यावर लिंबू हुंगून बरं वाटतं, कारण ते लागणं कानातल्या तोलाचं असतं. रक्तात साठलेल्या गोळीला लिंबाचा वास कळत नाही.

पाठ चौथा : केमिस्ट

चौकातल्या मेडिकलवाल्याला तुम्ही लहानपणापासून ओळखता, आणि त्याने तुमचं डिस्चार्ज कार्ड कधी पाहिलेलं नाही. "मळमळतंय रे" म्हटलं की तो कात्रीने पट्टीतून चार गोळ्या कापून देतो. नाव आणि तारीख उरलेल्या पट्टीवर त्याच्याच दुकानात राहते. बहुधा ती ॲसिडिटीची असते, आणि नावाच्या शेवटी "डी" असेल तर आत डॉम्पेरिडॉनही असतं. मळमळ थांबवायला ते चांगलं औषध आहे, फक्त हृदयाच्या पेशंटला नव्हे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेची जुळवाजुळव पुन्हा करायला थोडा वेळ लागतो. डॉम्पेरिडॉन तो वेळ लांबवतं आणि काहींचे ठोके त्यामुळे धोकादायक बिघडतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये त्याच्यावर मर्यादा घातल्या : कमी डोस, थोडे दिवस, आणि हृदयविकार असेल तर बहुतेकांना नकोच. उलटीची दुसरी लोकप्रिय गोळी ऑन्डान्सेट्रॉन, तिचाही हाच गुण. अमिओडॅरोनही हेच करते. यांपैकी एखादी आणि अमिओडॅरोन एकत्र पोटात गेल्या तर ईसीजी पाहिल्याशिवाय कुणी हमी देऊ नये.

म्हणजे ज्या गोळीमुळे मळमळ होते ती ठोके सांभाळायला दिलेली, आणि मळमळ थांबवायला कात्रीने कापून आणलेली ठोके बिघडवणारी. हा विनोद नव्हे.

साधी पॅन्टोप्राझोल बहुतेकांच्या चिठ्ठीत आधीपासूनच असते. ती सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. पोह्यांवर घेतली तर ती वाया जात नाही, पण निम्मीशिम्मी आळशी होते. शेजारचे काका घेतात ती ओमेप्राझोल चालेल का? रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर विचारल्याशिवाय नाही. ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचं काम मंदावतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिला होता.

पाठ पाचवा : वही

लागणारं साहित्य : भिंतीवरचं कालनिर्णय आणि दोरीला बांधलेलं पेन. तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब आधीपासून असेलच, "२ ली.", "१ ली.", "नाही". त्याच्याच कोपऱ्यात मळमळ झाली की एक बारीक "म" आणि वेळ लिहायची. उलटी झाली तर त्याला गोल करायचा. डोस बदलला किंवा नवी गोळी आली तर त्या तारखेला तिचं नाव. पंधरवड्यात चित्र दिसू लागतं. सगळे "म" सकाळी नऊच्या सुमारास, म्हणजे नाश्त्यानंतरच्या गोळ्यांपैकी कुणीतरी. दिवसभर विखुरलेले असतील तर साठणारी गोळी, किंवा रोगच. डोस वाढवल्यापासून सुरू झाले असतील तर डॉक्टरांना फार विचार करावा लागत नाही. घरचे म्हणतील पानभर "म" लिहून ठेवलेत, अपशकुन आहे. लिहू द्या म्हणावं.

गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर? दुसरी गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. डिगॉक्सिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. विचारायचं.

तोंडी परीक्षा

बाहेर तासभर बसल्यावर आत बोलावतात. आत पाच मिनिटं मिळतात, त्यातलं एक बीपी मोजण्यात जातं.

"काय काका, कसं काय?"

"तसं बरं आहे डॉक्टर."

बहुसंख्य विद्यार्थी इथे नापास होतात. डॉक्टरांसमोर बरं असणं हा आपल्याकडे सभ्यतेचा भाग आहे. मग मागच्या खुर्चीवरून आवाज येतो, "अहो, सांगा की! परवा ताट तसंच टाकून उठलात ते." काका मान वळवून पाहतात, त्या पाहण्याचा अर्थ लग्नाला चाळीस वर्षं झालेल्यांनाच कळतो. "थोडं पित्त झालं होतं," ते म्हणतात, आणि डॉक्टर पुढची चिठ्ठी लिहितात, जुनीच.

काकूंनी त्या क्षणी पिशवीतून कालनिर्णयचं पान काढावं. त्याबरोबर सगळ्या पट्ट्या, केमिस्टने कापून दिलेल्या चारसुद्धा, आणि ज्येष्ठमधाची कांडी. पाच मिनिटांत बोलून जे होत नाही ते या ढिगाने होतं. डॉक्टरांच्या हातात करण्यासारखं पुष्कळ असतं : गोळीची वेळ बदलणं, डोस विभागणं, तीच कामगिरी करणारी दुसरी गोळी देणं, रक्त तपासायला सांगणं. त्यांना फक्त माहीत हवं.

एक प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, तरी दरवर्षी विचारला जातो : बंद केली तर? स्टेंट टाकल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या मनाने थांबवल्या तर स्टेंट बंद पडू शकतो. ठोके मंद ठेवणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडली तर छातीतलं दुखणं उसळून येऊ शकतं. मळमळ वाईट खरी, पण ती सहन करत बसू नका आणि तिच्यावर सूड म्हणून गोळीही थांबवू नका. फोन करा.

आणि हा पाठ सगळ्यांसाठी, प्रवेश घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. अचानक मळमळ, दरदरून घाम, छातीत किंवा जबड्यात दडपण, दम लागणं, यातलं दोन-तीन एकदम असेल तर ते गोळीचं नाही आणि पित्ताचंही नाही. हार्ट अटॅक असू शकतो. बायकांमध्ये, मधुमेहींमध्ये आणि वयस्करांमध्ये तो छातीत न दुखताही येतो, नुसती मळमळ आणि गळून जाणं घेऊन. सोडा पिऊन पंधरा मिनिटं वाट बघू नका, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. १०८ लावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.